तुळशीराम सेल आणतो

एका गावात एक भोळा गडी होता. नाव तुळशीराम. अंगानं धिप्पाड, कामाला वाघ, आणि डोक्यानं सरळ. इतका सरळ, की शब्दाला कुठं वळण असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. 'जरा दम धर' म्हटलं की तो श्वास रोखून उभा राही. पोलीस पाटलांनी एकदा त्याला डोळ्यांत तेल घालून खळं राखायला सांगितलं. चार दिवस त्याला काही दिसलं नाही. खळं मात्र त्यानं राखलं.

त्याची बायको सगुणा. ती शहाणी होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं ती प्रत्येक वाक्य दोनदा तपासून बोलत होती. पण माणूसच ती. कधीमधी चुकायची.

भुईमुगाची काढणी चालली होती. तुळशीराम वेल उपटत होता, सगुणा शेंगा तोडत होती. दीड एकराचा तुकडा जवळजवळ संपत आला होता. तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून सगुणा ओरडली.

"अहो! माझं मंगळसूत्र वाढलं!"

आपल्याकडे मंगळसूत्र तुटलं असं कुणी म्हणत नाही. वाढलं म्हणतात. तुळशीरामाला आनंद झाला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आखूडच होतं."

आणि तो पुन्हा वेल उपटायला लागला.

सगुणा धावत आली. तिच्या मुठीत काळे मणी होते. "अहो, तुटलं! दोरा तुटला! मणी गावले, पण वाट्या गेल्या!"

"वाट्या कशा जातील? मांडणीवर आहेत की. सहा."

"सोन्याच्या वाट्या हो! मंगळसूत्रातल्या! तुमच्या आईनं घातलेल्या!"

मग तुळशीरामाच्या ध्यानात आलं. दोघांनी माती चाळली, वेल झटकले, शेंगांचा ढीग उलटासुलटा केला. वाट्या काही मिळाल्या नाहीत. सगुणेनं दोऱ्यात हळकुंड ओवलं आणि ते गळ्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी ती अर्धी भाकरी ठेवून उठली. तुळशीरामाला शब्द कळत नसत, पण सगुणेचा चेहरा कळे. त्याला त्याचीही भाकरी गोड लागेना.

सगुणेचा भाऊ जयसिंग शहरात असे. त्याला एक छंद होता. त्याच्याकडे धातू शोधायचं मशीन होतं. एक लांब दांडा, खाली थाळीएवढी चकती, वर मुठीजवळ एक डबी. सुट्टीच्या दिवशी तो ते घेऊन माळरानं आणि नदीकाठ धुंडाळी. खाली धातू असला की मशीन वाजे. आजवर त्याला तीन जुनी नाणी आणि पोतंभर खिळे सापडले होते. तरी तो खूश होता. बहिणीची हकिकत ऐकून त्यानं मशीन एसटीनं पाठवून दिलं आणि फोन केला.

"दाजी, मशीनमध्ये सेल नाहीत. ते तेवढे तुम्ही घाला. पेन्सिल सेल लागतात. आठ आणा."

"आठ. पेन्सिल. सेल," तुळशीराम म्हणाला. आणि टोपी घालून तालुक्याच्या बाजाराला निघाला.

बाजारात वह्यापुस्तकांचं एक दुकान होतं. बाहेर पाटी होती: सेल. तुळशीरामाला बरं वाटलं. देव सरळ माणसाला वाट दाखवतो. त्यानं तिथून आठ पेन्सिली घेतल्या. दुकानदार भला होता. त्यानं आठही पेन्सिलींना टोकं करून दिली.

घरी येऊन त्यानं मशीनची डबी उघडली. पेन्सिली लांब होत्या, डबी आखूड. त्यानं विळ्यानं पेन्सिलींचे तुकडे केले आणि एकेक नीट बसवला. मशीन शेतात नेलं. अर्धा दिवस फिरवलं. मशीन वाजलं नाही. पण डबीच्या आत कुठं कुठं बारीक काळ्या रेघा उमटल्या होत्या.

सगुणेनं डबी उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, तसं नव्हतं करायचं."

"मग कसं?"

"पेन्सिल सेल म्हणजे पेन्सिली नव्हेत. विजेरीत असतात तसले सेल, पण बारके. अत्तारचाचांच्या दुकानात मिळतील. आणि हे बघा, ताजे बघून घ्या. शिळे गळ्यात मारतात."

"ताजे बघून घेतो. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं. तुळशीरामाचं तेवढंच वाईट होतं. तो विसरत नसे.

दस्तगीर अत्तार बाजारात रेडिओ, घड्याळं आणि पंखे दुरुस्त करत. पांढरी दाढी, डोळ्याला भिंग, आणि बोलणं मऊ. सारा तालुका त्यांना अत्तारचाचा म्हणे. त्यांनी काचेवर तीन तऱ्हेचे सेल मांडले.

"हे बघ तुळशीराम. हे साधे. मशीन जोरात ओढायला लागलं की दोन तासांत बसतात."

"बसू देत. दमत असतील."

चाचांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि पुढं सांगितलं, "हे दणकट. दिवसभर टिकतील. आणि हे चार्जिंगचे. संपले की पुन्हा भरायचे. कुठले देऊ?"

"ताजे."

"सगळे ताजेच आहेत. ही बघ तारीख."

"तारीख नको चाचा. आज सकाळचे द्या."

तुळशीरामानं एकेक सेल उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला, नाकाला लावला. एक सेल त्यानं बाजूला ठेवला. तो जरा मऊ वाटला. दणकट सेलांतले आठ निवडून घेतले आणि तो निघाला.

ऊन मी म्हणत होतं. घर दोन कोसांवर. ताजी वस्तू उन्हात कोमेजते हे लहान लेकरालाही कळतं. तुळशीरामानं उपरणं विहिरीत बुडवलं, सेल त्यात गुंडाळले आणि वाटेत प्रत्येक पाणवठ्यावर वरून पाणी शिंपडलं. घरी येऊन ते कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ओल्या फडक्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोथिंबीर टवटवीत होती. सेलांना मात्र पांढरा फेस आला होता.

मशीननं 'कुर्र' केलं आणि ते गप्प झालं.

"अहो, तसं नव्हतं करायचं," सगुणा म्हणाली.

"मग कसं?"

"विजेची वस्तू आहे ती! तिला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. कोरडी ठणठणीत ठेवायची. पाणी दिसलं की आधी ते काढून टाकायचं."

"बरं. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ध्यानात ठेवतो."

तो पुन्हा अत्तारचाचांकडं गेला. चाचांनी फेसाळलेले सेल पाहिले, त्याची हकिकत ऐकली आणि दाढी कुरवाळली. त्यांना वाटलं, या माणसाच्या हातात आठ बारक्या वस्तू देणं बरोबर नाही. एकच मोठी द्यावी.

"तुळशीराम, आठ सेलांचं बळ मिळून जेवढं होतं तेवढं या एका बॅटरीत आहे. फटफटीला असते ती. पाण्याची बॅटरी. मी तिला दोन वायरी जोडून देतो, त्या मशीनच्या डबीत लावायच्या. बॅटरी झोळीत घालून खांद्याला अडकव. चार दिवस बघायला नको."

चाचांनी बॅटरी जोडली. तुळशीराम तेवढ्या वेळात मोठ्यानं पाठ म्हणत होता, "पाण्याचा थेंबसुद्धा नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही." चाचांना वाटलं, काही नवस असेल.

ओढ्यापर्यंत तो नीट आला. मग झोळीत डुबुक असा आवाज झाला. तुळशीराम थबकला. बॅटरी कानाशी धरून हलवली. डुबुक, डुबुक. आत पाणी होतं! आणि थोडंथोडकं नव्हे. चाचांसारख्या जाणत्या माणसानं ओली बॅटरी द्यावी याचं त्याला वाईट वाटलं. पण म्हातारे झालेत, व्हायचंच. त्यानं वरची बुचं उघडली, बॅटरी खडकावर उपडी केली आणि शेवटच्या थेंबापर्यंत निथळवली. मग ती पुसायला काही नव्हतं, म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसली.

घरी पोहोचेपर्यंत सोग्याची जाळी झाली होती. तेजाबच ते.

"बॅटरी कोरडी आहे," त्यानं दारातूनच सांगितलं. "थेंबसुद्धा नाही."

सगुणा आधी त्याच्या हातापायांकडं धावली. त्यांना काही झालं नव्हतं. मग तिनं धोतर पाहिलं. मग बॅटरी पाहिली. मग ती उंबऱ्यावर बसली आणि तिला रडावं की हसावं हे कळेना. ती हसली. वाट्या हरवल्यापासून ती पहिल्यांदाच हसली, म्हणून तुळशीरामाला वाटलं, काम फत्ते झालं.

झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अत्तारचाचांनी त्याला समोर बसवलं, पाणी पाजलं आणि हात हातात घेतले.

"बेटा, तसं नव्हतं करायचं."

"मग कसं चाचा?"

"ती बॅटरी पाण्यावरच चालते. जाऊ दे. आता हे चार्जिंगचे सेल ने. आणि ही चार्जिंगची डबी. सेल डबीत ठेवायचे, डबी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डात खोचायची. लाल दिवा लागेल. लाल आहे तोवर हात लावायचा नाही. हिरवं झालं की काढायचं. म्हण बघू."

"लालला हात लावायचा नाही. हिरवं झालं की काढायचं."

"शाबास. आणि पाणी?"

"सेलांना पाणी नाही. बॅटरीत पाणी आहे. कोथिंबिरीला पाणी आहे."

चाचांना बरं वाटलं. पोरगा शिकतोय.

तुळशीरामानं घरी येऊन डबी खोचली. लाल दिवा लागला. तो समोर पाट मांडून बसला. हात पाठीमागं बांधून ठेवले, चुकून लागू नयेत म्हणून. दुपार झाली तेव्हा लालचं हिरवं झालं. त्यानं आठही सेल काढले आणि कोरड्या रुमालात ठेवले. सगळं अगदी बरोबर झालं.

सगुणेला इतकं समाधान वाटलं, की ती बेसावध झाली.

"अहो, आता सेल भरलेत तर मशीन सकाळी लावू. तेवढ्यात परसातले टोमॅटो काढता का? पाटी भरून काढा. बाजार आहे उद्या."

"काढतो."

टोमॅटोचे चार वाफे होते. लालबुंद फळं लगडली होती. तुळशीरामानं लाल टोमॅटो पाहिला आणि हात मागं घेतला. लालला हात लावायचा नाही. मग त्यानं हिरवा पाहिला. हिरवं झालं की काढायचं. त्यानं एक पाटी भरली, दुसरी भरली, तिसरी भरली. जे लाल होते ते अजून हिरवे व्हायचे होते. त्यांना त्यानं वेळ द्यायचं ठरवलं.

सगुणा परसात आली. तीन पाट्या हिरवे कच्चे टोमॅटो. आणि वाफ्यात पिकून पिकून फुटायला आलेले लाल.

"काय केलंत हे?"

"लाल अजून चार्ज व्हायचेत," तुळशीराम म्हणाला.

त्या दिवसापासून त्या घरात हिरव्या टोमॅटोची चटणी सुरू झाली. सकाळी चटणी, दुपारी चटणी. शेजारीपाजारी वाटली तरी ती संपेना.

"अहो, तसं नव्हतं करायचं," सगुणा चटणी वाढता वाढता म्हणाली. "ते सेलांचं होतं. हे टोमॅटोचं."

"बरं. सेलांचं वेगळं, टोमॅटोचं वेगळं."

सकाळी सेल मशीनमध्ये घालायची वेळ आली. सात सेल बसले. आठवा तुळशीरामाच्या हातातून निसटला, घरंगळत गेला आणि कडब्याच्या गंजीखाली दिसेनासा झाला. घरात भिंतीवर घड्याळ होतं. त्यात एक सेल होता, चार दिवाळ्या बघितलेला. तुळशीरामानं तो काढून आठव्या जागी घातला. मशीन एकदा 'टूं' म्हणालं, मग 'टुं', मग 'टु'. मग नाहीच.

सगुणा म्हणाली, "आता मीच येते चाचांकडं."

अत्तारचाचांनी मशीनची डबी उघडली आणि घड्याळातला सेल दोन बोटांत धरून वर उचलला.

"हा बघा चोर. सगुणा बेटी, तूही ऐक. जुने आणि नवे कधी एकत्र घालायचे नाहीत. एक जुना जरी नव्यांत बसला, तरी सगळ्या नव्यांचं बळ ओढून घेतो. जुना दिसला की आधी बाहेर काढायचा."

"जुनं दिसलं की बाहेर काढायचं," तुळशीराम म्हणाला.

"सेल," सगुणा घाईनं म्हणाली. "जुना सेल."

"हां. सेल," तुळशीराम म्हणाला. पण वाक्याचा पुढचा भाग त्याच्या डोक्यात आधीच जाऊन बसला होता.

चाचांनी हरवलेल्या सेलाच्या जागी दुसरा भरून दिला, पण तोवर दिवस कलायला आला होता. शिवाय सगुणेला आता सेलांचा भरवसा वाटेना. तिनं गावातल्या बायकांना सांगून ठेवलं. वाट्या गेल्यात म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा जणी चाळण्या घेऊन शेतात आल्या. त्यांत बायजाआत्या होती. ती तुळशीरामाच्या वडिलांची बहीण. वय पंचाहत्तर, पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. तिच्या बरोबरीच्या आणखी चौघी होत्या. बाकीच्या तरण्या लेकीसुना. सगळ्या रांगेत बसल्या. एक म्हातारी, दोन तरण्या, एक म्हातारी, दोन तरण्या. माती चाळायला लागल्या. गाणीही सुरू झाली.

तुळशीराम चहाची किटली घेऊन आला, आणि रांग पाहून त्यानं किटली खाली ठेवली.

"आत्या, उठा!" तो ओरडला.

"का रे? साप आहे?"

"तुम्ही जुन्या आहात. बाहेर निघा. या नव्या आहेत. तुम्ही त्यांचं बळ ओढून घेताय."

गाणी थांबली.

"काय म्हणालास?"

"तुमचा दोष नाही आत्या. जुन्यांचं तसंच असतं. एक जरी मध्ये बसली तरी सगळ्या वाया जातात. आणि काकी, तुम्हीही उठा. तुम्ही तर घड्याळातल्या सेलाहून जुन्या आहात."

बायजाआत्या उठली. तिनं चाळणी उचलली आणि तुळशीरामाच्या पाठीत घातली. चाळणी लोखंडी होती. मग ती चालू लागली. तिच्यामागं चौघी म्हाताऱ्या चालू लागल्या. म्हाताऱ्यांच्या मागं त्यांच्या लेकीसुना चालू लागल्या, कारण घरी जायचंच होतं. शेतात उरले तुळशीराम, सगुणा आणि एक किटली चहा.

 सगुणेनं नुसता गळ्यातल्या हळकुंडावर हात ठेवला. तुळशीरामाला आत्याच्या चाळणीनं लागलं नव्हतं, एवढं ते लागलं.

त्या दुपारी तो आपण होऊन आत्याच्या दारात गेला आणि उभा राहिला. आत्यानं तासभर त्याला उभंच ठेवलं. मग म्हणाली, "कशाला आलास?"

"चुकलं आत्या. सगुणा जेवत नाही. मला त्या वाट्या आणायच्यात. मी सांगतील तसंच करतो, तरी असं का होतं?"

आत्याचा राग पाण्यासारखा ओसरला. तिनं त्याला हिरव्या टोमॅटोची चटणी आणि भाकरी वाढली. चटणी त्याच्याच घरची होती.

"चाचाला जाऊन नीट विचार," ती म्हणाली. "शेवटपर्यंत विचार. सुरुवातीपासून आखेरपर्यंत काय करायचं ते सगळं."

तुळशीराम गेला. अत्तारचाचांनी दुकानाची फळी अर्धी लावली, गिऱ्हाईक बंद केलं आणि त्याला एकेक शब्द चावून चावून सांगितला.

"आठ सेल भरलेले आहेत. ते बदलू नको, भिजवू नको, कुणात मिसळू नको. आता शोधायला लागायच्या आधी मशीनची परीक्षा घ्यायची. लोखंडाचा आवाज वेगळा, सोन्याचा वेगळा. म्हणून सोन्याचा एक जिन्नस घे, वीतभर मातीत पुर, वरून मशीन फिरव. वाजलं की समज, सेल ठणठणीत. मग तिथं उगाच उभा राहू नको. सेल खर्च होतात. पुढं सरक. सहा ठिकाणी असं करून सोन्याचा आवाज कानात पक्का बसू दे. आणि मग वाट्या शोध. कळलं?"

तुळशीरामानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. चाचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता सहा ठिकाणांसाठी सोनं हवं होतं. सगुणेनं कानातली फुलं काढून दिली. आत्याला कळलं तेव्हा तिनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. "माझ्या भावजयीनं तुला घातलेल्या वाट्या आहेत त्या," ती सगुणेला म्हणाली, "गावल्याच पाहिजेत." मग शेजारच्या हौसानं बोरमाळ दिली. पोलीस पाटलीणबाईंनी अंगठी दिली. आणखी दोघींनी आणखी दोन जिन्नस दिले. तुळशीराम भोळा होता, पण गावात त्याच्या हाती सोनं द्यायला कुणी कचरत नसे. त्यानं आजवर कुणाची काडी उचलली नव्हती.

शनिवारी सकाळी तो निघाला, तेवढ्यात जयसिंगचा फोन आला.

"दाजी, उद्या रविवार. आमची मंडळी माळावर जायचीत, मला मशीन लागणार. वाट्या गावल्या की क्षणभर ठेवू नका, दुपारच्या एसटीनं लावून द्या. आणि पाठवायच्या आधी सेल काढून घ्या बरं का. आत राहिले तर गळतात आणि मशीन खातात."

"गावल्या की क्षणभर ठेवायचं नाही. सेल काढून घ्यायचे."

"बरोबर!"

सगुणेला त्या दिवशी शेतावर जायचं धाडस होईना. ती देवासमोर दिवा लावून बसली. तुळशीराम एकटाच गेला.

दुपारी, उन्हं डोक्यावर असताना, दारात धप धप पावलं वाजली. तुळशीराम धावत आला होता. टोपी नव्हती, तोंडाला माती, डोळ्यांत पाणी. त्यानं मूठ उघडली. बारीकशा तारेत ओवलेल्या दोन सोन्याच्या वाट्या.

सगुणेनं त्या पदरानं पुसल्या, डोळ्यांना लावल्या आणि मग ती ओक्साबोक्शी रडली. तुळशीराम गोंधळला. चेहऱ्यावरून तरी ती आनंदातच दिसत होती.

"आता मी जातो," तो म्हणाला. "मशीन क्षणभर ठेवायचं नाही." आणि तो तसाच स्टँडवर पळाला.

तासाभरात गावभर बातमी झाली. सगुणेनं काळ्या मण्यांत वाट्या ओवल्या, बायजाआत्यानं स्वतःच्या हातानं ते मंगळसूत्र तिच्या गळ्यात बांधलं. हौसा आली, पाटलीणबाई आल्या. चहा झाला, साखर वाटली. अत्तारचाचांना फोन केला, तेही गहिवरले. एवढ्यात तुळशीराम स्टँडवरून परत आला. सगळ्यांनी त्याला पाटावर बसवलं. आत्यानं त्याच्या तोंडात साखर घातली. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला 'तसं नव्हतं करायचं' म्हटलं नाही. त्याची छाती भरून आली.

"कसं काय शोधलंस रे लेका?" आत्यानं विचारलं.

"चाचांनी सांगितलं तसंच. आधी सगुणेची फुलं पुरली. मशीन वाजलं. पुढं सरकलो. मग तुमच्या पाटल्या पुरल्या. वाजलं. पुढं सरकलो. मग बोरमाळ. मग अंगठी. सहाही जिन्नस पुरले, सहाही वेळा वाजलं. सेल अगदी ठणठणीत आत्या. सातव्यांदा वाजलं तिथं मी काही पुरलं नव्हतं. तिथं खणलं. तर वाट्या!"

"शाबास माझ्या पठ्ठ्या," आत्या म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. "आता आण माझ्या पाटल्या."

"त्या शेतात आहेत."

चहाचे कप थांबले.

"शेतात? काढल्या नाहीस?"

"चाचा काढा म्हणाले नव्हते. पुढं सरक म्हणाले."

सगुणेनं हळूच कानाच्या पाळ्यांना हात लावला. "अहो," ती म्हणाली, "शेतात कुठं पुरलंत? जागा दाखवता येईल ना?"

"सगळीकडं. एका जागी उभं राहू नको म्हणाले होते."

पाटलीणबाई मटकन खाली बसल्या. आत्या मात्र बाईच खंबीर. ती म्हणाली, "रडू नका गं. मशीन आहे ना? जसं वाट्या शोधल्या तसंच हेही शोधू. जा तुळशीराम, मशीन आण."

"मशीन एसटीत बसवलं आत्या. खिडकीजवळची जागा मिळाली. आता घाट चढलं असेल."

 तुळशीरामानं एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला शब्द कळत नसत, पण चेहरे कळत. सगळ्यांना कसली तरी काळजी पडली आहे एवढं त्याच्या ध्यानात आलं. कसली, तेही मग आलं. तो हसला, त्यानं खिशातून कोरडा रुमाल काढला आणि आत्यापुढं अलगद उलगडला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मी सेल काढून घेतलेत."